आयर्लंडचं स्टेशन

भाऊसाहेब साळव्यांच्या टीव्हीवर तीनशेच्या वर चॅनल लागत होती, आणि त्यात आयर्लंड कुठेच नव्हतं.

"हनुमंता, नीट बघ. जगातलं सगळं लागतं म्हनाला हुतास."

केबलवाला हनुमंत रिमोट घेऊन तासभर घामाघूम झाला होता. "भाऊसाहेब, भोजपुरी लागतंय, जपानी कार्टून लागतंय, साप-मुंगसाचं लागतंय. आयर्लंड कंच्या प्याकेजात बसतं तेच मला ठावं न्हाई. मानसं तरी ऱ्हात्यात का तिथं?"

"माझी लेक ऱ्हाती," भाऊसाहेब म्हणाले, आणि हनुमंताने जीभ चावली.

लेक प्रज्ञा तिकडे गॉलवेला नर्स. लग्नही तिथल्याच माणसाशी केलेलं. त्यांची मुलगी दिशा पत्र्याची बासरी वाजवते, तिकडची जुनी पारंपरिक गाणी. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती "जय भीम, आजोबा" म्हणायची, हे "जय भीम, बाळा" म्हणायचे. मग ती "जेवला?" विचारायची आणि हे "जेवलो" सांगायचे. तिचं मराठी तिथे संपायचं आणि यांचं इंग्रजी तर सुरूच होत नव्हतं. पुढे नेटवर्क जाईपर्यंत दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसायचे.

भाऊसाहेबांची बायको कलाबाई होत्या तेव्हा असं नव्हतं. त्या बाजारात सुकट-बोंबील विकायच्या. गिऱ्हाईक नसलं की दिशाला फोनवर अंगाई म्हणून दाखवायच्या. तिला काही कळो न कळो. गेल्या वर्षी कलाबाई गेल्या. नेमका बाजाराचा दिवस होता. भाऊसाहेब खांदा देऊन बाजारतळाच्या कडेने निघाले, तेव्हा कुणीतरी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतं. ती घासाघीस थांबली नाही. पुढच्या बाजाराला कलाबाईंच्या जागेवर मोबाईलची कव्हरं विकणारा येऊन बसला. हे भाऊसाहेबांना जे लागलं ते लागलंच. ते कुणाला बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी बाजारात पाऊल ठेवलं नव्हतं.

आता प्रज्ञाने कळवलं होतं, की तिकडे नोव्हेंबर हा गेलेल्या माणसांच्या आठवणीचा महिना असतो. रेडिओवर या रविवारी शोकाच्या चालींचा कार्यक्रम आहे आणि त्यात दिशा आजीसाठी वाजवणार आहे. "बाबा, ती रोज विचारते, आजोबा ऐकतील ना? तुम्ही काही करून ऐका."

टीव्हीने दगा दिला म्हणून भाऊसाहेबांनी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला, पारनेरहून सेल आणले आणि काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. कांद्याचे भाव लागले, कीर्तन लागलं, खरखर तर कुठेही लागत होती. एकदा मात्र बारीक, लांबलचक, काळीज चिरणारा सूर आला. भाऊसाहेब डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. नंतर कळलं, की शेजारच्या गिरणीचा पट्टा कोरडा पडला होता.

शेवटी प्रज्ञाने मोबाईलवर काहीतरी पाठवलं. "निळ्या अक्षरांवर बोट ठेवा, रेडिओ लागेल. आपल्याकडे दुपारी अडीच वाजता."

भाऊसाहेब ग्रामपंचायतीत लिपिक म्हणून निवृत्त झालेले आणि घरही पंचायतीच्या भिंतीला भिंत लागून. गावाला पाण्याच्या सूचना अजून तेच द्यायचे. तसा भारदस्त आवाज गावात दुसरा नव्हता. सरपंचबाईंनी नवीन मशीन आणलं होतं, ते बिनवायरीचं मोबाईलमधून आवाज उचलायचं. भाऊसाहेब मोबाईलमध्ये सूचना बोलून ठेवायचे आणि खाटेवरूनच वाजवायचे. वेशीवरचे आणि बाजारतळावरचे भोंगे सांगायचे, की उद्या खालच्या आळीला पाणी येणार नाही.

रविवार उजाडला. गावचा बाजारही त्याच दिवशी होता. भाऊसाहेबांनी धुतलेला सदरा घातला, कलाबाईंचा फोटो आपल्याकडे तोंड करून ठेवला आणि अडीचला निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. पडद्यावर आकडे पळू लागले. आवाज काही येईना. त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. तरी नाही. उलट त्याच वेळी बाहेर, बाजाराच्या बाजूला, कुठलंसं रडकं वाद्य गळा काढून वाजायला लागलं.

"आजच मुहूर्त सापडला मेल्यांना," असं म्हणून भाऊसाहेबांनी खिडकी लावली. दारही लावलं. मग डोक्यावरून गोधडी घेतली आणि मोबाईल कानाशी धरून बसले. गोधडीत उकडत होतं आणि आयर्लंड मुकं होतं. जगात सगळ्यांना सगळं ऐकू येतं, आपल्या वाट्याला तेवढी मुकी यंत्रं येतात, असं त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात दार बडवलं गेलं. पंचायतीचा शिपाई गोरक्ष होता.

"भाऊसाहेब, चला बिगीबिगी. मोठा मानूस गेला."

"कोन?"

"नाव कळलं न्हाई. पन लई मोठा. भोंग्यावर रडकं लागलंय. आख्खा बाजार बंद झाला."

पूर्वी देशाचा कुणी पुढारी गेला की रेडिओवरची गाणी बंद व्हायची आणि दिवसभर रडकं वाद्य वाजायचं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या हाडीमाशी हे भिनलेलं. बाजारात सूर ऐकू येताच एका म्हाताऱ्याने टोपी काढली, दुसऱ्याने तागडी उलटी ठेवली आणि पोरांनी त्यांचं बघून शटरं ओढली. कुणी म्हणालं, मोबाईलवर तर काहीच आलेलं नाही. त्याला उत्तर मिळालं, "मोठ्या मानसाचं लगीच सांगत न्हाईत. दडवून ठेवत्यात." त्यावर सगळ्यांनाच जास्त खात्री पटली.

भाऊसाहेबांच्या मनात आलं, मोठ्या माणसासाठी बाजार बंद होतो तर. पण सुतक पडलेल्या गावाला शोकसभेत बोलणारा त्यांच्याशिवाय दुसरा नव्हता. मोबाईल सदऱ्याच्या खिशात टाकून ते पंचायतीच्या अंगणात आले. खिशात आकडे पळतच होते.

अंगणात शे-दोनशे माणूस माना घालून उभं होतं. लांबून भोंगे रडत होते. मधेच एक बाई गंभीरपणे काहीतरी बोलली. सगळ्यांनी इंग्रजी शिकवणाऱ्या रविराज सरांकडे बघितलं. ती बोलत होती आयर्लंडच्या स्वतःच्या, आयरिश भाषेत. पण वीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस गावासमोर कळलं नाही कसं म्हणणार?

"उच्चार परदेशी आहेत," सर म्हणाले. "थेट बाहेरून सांगतायत. फारच दुःखद आहे."

"नाव काय म्हनली?" गोरक्षने विचारलं.

"भावनेच्या भरात नाव नीट घेता आलं नाही तिला."

सरपंच पंकजाताई भाऊसाहेबांच्या कानाशी लागल्या. "नाव न घेता बोला. कुनीबी निघालं तरी बसलं पायजे."

भाऊसाहेब उभे राहिले. मेलेला कोण ते माहीत नाही, मग बोलायचं कुणावर? तोंडात आपोआप एकच माणूस आलं.

"जे गेलं ते माणूस आयुष्यभर उन्हात बसलं. कुणाला कमी मापलं नाही. स्वतःच्या दुखण्याचा गवगवा केला नाही. आणि गेलं ते इतकं गुपचूप, की आजूबाजूच्यांना कळलंसुद्धा नाही."

"अगदी खरं," रविराज सरांनी डोळे टिपले. "साधेपणा हा साहेबांचा स्थायिभाव होता."

मग दोन मिनिटं स्तब्धता जाहीर झाली. भोंगेही क्षणभर गप्प झाले. आणि त्या शांततेत एक बारीक बासरी वाजू लागली. कच्चा हात होता. एक सूर फाटला, थांबला, पुन्हा उचलला गेला.

"आगं बया," भाजीवाली रतनबाई स्तब्धता मोडून मोठ्याने म्हणाली. तिची जागा कलाबाईंच्या शेजारची. "भावजी, ही तर कलाबाईची अंगाई. फोनवर नातीला म्हनायची ती."

भाऊसाहेबांनी खिशातून मोबाईल काढला. पडद्यावर इंग्रजीत दिशाचं नाव होतं. आपण ज्या आवाजावर खिडकी लावली तो कुठला, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. इकडे गोरक्षच्या ध्यानात आलं, की सकाळी मशीन आपणच चालू ठेवलं आणि भाऊसाहेबांचा मोबाईल त्यावर वाजतोय. तो धावत आत गेला आणि त्याने मेन स्विच पाडला. अंगाई मधल्याच ओळीवर तुटली. भाऊसाहेबांनी मोबाईल कितीतरी वेळा दाबला. पुन्हा लागला तेव्हा कुणीतरी दुसरंच काही वाजवत होतं.

अर्धीच ऐकू आली.

हळूहळू सगळ्यांना उलगडा झाला. "माझी कोथमीर सुकली ना राव," मागून कुणी कुरकुरलं. पंकजाताईंचा चेहरा लाल झाला.

"म्हंजी मेलं कोन, भाऊसाहेब?"

"माझी बायको."

"ती मागल्या साली गेली."

"व्हय. तवा बाजार चालू हुता."

कोथिंबीरवाला जमिनीकडे बघू लागला. रतनबाईने पदर तोंडाला लावला. पंकजाताईंनी घसा साफ केला.

"दोन मिंटं पुरी झाली न्हवती," त्या म्हणाल्या. "हुबं ऱ्हावा सगळी."

आणि सगळी उभी राहिली, मघापेक्षाही गुमान.

घरी येईपर्यंत फोन वाजलाच. दिशा होती, मागे प्रज्ञा. "आजोबा, ऐकलं?"

"ऐकलं, बाळा. गावानं बाजार बंद ठेवला आणि सगळ्यांनी उभं राहून ऐकलं."

प्रज्ञाने ते मुलीला सांगितलंच नाही. "बाबा, लहान मुलीला बरं वाटावं म्हणून एवढंही खोटं बोलू नये," ती म्हणाली. "नुसतं आवडलं म्हणा."

"आवडलं," भाऊसाहेब म्हणाले. मग दिशा आणि ते नेहमीसारखे एकमेकांकडे बघत बसले. नेटवर्क गेल्यावर त्यांनी उठून खिडकी उघडली. बाजार पुन्हा सुरू झाला होता.