शनिवारचा संप आणि चाळीस लाल पट्ट्या

मन्नूबिया खालाने एकदा ठरवलं की ट्युनिशियाचं सरकारही वाटेतून बाजूला होतं, असं ती स्वतःच गल्लीभर सांगायची. आणि बाईला असं म्हणायला कुणाची परवानगी लागते?

धाकट्या लेकीचं, इब्तिहालचं लग्न शनिवारी होतं. नगरपालिकेत अकराला लग्नाच्या सह्या आणि रविवारच्या बोटीने नवरा-नवरी फ्रान्सला, मार्सेलला! आणि गुरुवारी तिचा लेक लसाद, त्याच नगरपालिकेतला कारकून, ताटातलं कुसकुस चिवडत कसाबसा बोलला, "उम्मी, शनिवारी आमचा संप आहे."

खालाच्या हातातला वाढायचा डाव हवेतच राहिला.

"सरकारचा पगार खायचा आणि वर संप? लाज आहे का?"

"हक्क आहे आमचा. राज्यघटनेत लिहिलाय."

"मग राज्यघटनेलाच सांग, बहिणीचं लग्न लावून जा म्हणावं!"

"अगं, कचरा उचलणारे अकरा जण नऊ वर्षं रोजंदारीवर आहेत. अर्ज करून हात मोडले. संप केल्याशिवाय ऐकतो कोण?"

"मी येते ना ऐकवायला! बघतेच, माझ्या लेकीचं लग्न कोण अडवतो!"

शनिवारी खाला निघाली. संगे चाळीस बायका, दोन ढोलक्या आणि तुपातल्या बकलाव्याच्या मिठाईची सहा ताटं. नगरपालिकेत दर अर्ध्या तासाला नवं वऱ्हाड; थोरलीच्या लग्नात पुढच्या वऱ्हाडातल्या बायांनी हिचा बकलावा फस्त केला होता! म्हणून या खेपेला तिने लाल कापड फाडून आपल्या प्रत्येकीच्या दंडाला पट्टी बांधली. पट्टी नाही, तिला बकलावा नाही!

आता संपवाले दंडाला काय बांधतात? लाल पट्टी! पण डोक्यात नुसता बकलावा असल्यावर हे आठवतंय कुणाला!

फाटकावरच्या संपकऱ्यांनी चाळीस लाल दंड पाहिले आणि एकच ओरडा झाला, "बायका आल्या! पाठिंब्याला आल्या!"

"कसला पाठिंबा! सरका, आळशांनो!" खाला किंचाळत होती. पण ढोलक्या आणि बायकांचं लग्नातलं 'लूलूलू' यात तिचं ऐकतो कोण!

वर खिडकीत उपनगराध्यक्षांचा चेहरा दह्यासारखा पांढरा पडला. "घरच्या बायकासुद्धा उतरल्या? उद्या अख्खं गाव येईल!"

वीस मिनिटांत कागद खाली आला. अकराच्या अकरा कायम!

लोकांनी खालाला खांद्यावर घेतलं. शिव्या द्यायला आलेली बाई राणीसारखी हात हलवू लागली. "बरं, बरं! आता लग्न उरका."

"लग्न?" शिपाई कुलूप शोधत म्हणाला. "खाला, आपण जिंकलो! उपनगराध्यक्षसाहेबांनी आज सुट्टी दिलीय!"

खाला खांद्यावरून उतरली आणि थेट दारात मांडी घालून बसली.

"बसा गं सगळ्या! सह्या होईपर्यंत एक माणूस घरी जाणार नाही, आणि बकलाव्याचा चुराही कुणाला मिळणार नाही!"

साहेब जिन्यात अडकले. तुपाचा वास वर चढत गेला. सव्वाबाराला त्यांनी स्वतःच्या हाताने लग्नाची वही उघडली. इब्तिहालने सही केली, जावयाने केली. साक्षीला कायम झालेल्यांपैकी दोघे हात धुऊन आले. काय 'लूलूलू' झालं म्हणून सांगू! बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल.

लसाद कानाशी कुजबुजला, "उम्मी, संपाला दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. तुझा हा संप बेकायदा झाला."

"नोटीस?" खाला गरजली. "सव्वीस वर्षं लग्नाची पोरगी साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर होती, ती काय होती मग?"