मिस्त्री आला की बरी होणारी गाडी

सकाळी सहाला ड्रायव्हरने किल्ली फिरवली. त्याच्या जुन्या ट्रकने घसा खाकरला, पुन्हा खाकरला आणि गप्प बसला. एकविसाव्या प्रयत्नात पांढऱ्या धुराचा लोट आला, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि गाडी सुरू झाली. पुलाच्या चढावर मात्र तिने मान टाकली. पायी चाललेल्या एका बाईंनी तिला मागे टाकलं, चप्पल नीट करायला थांबल्या आणि पुन्हा मागे टाकलं.

बिस्किटांच्या कारखान्यात तो पाऊण तास उशिरा पोचला. "आणखी एकदा उशीर झाला, तर येऊ नका," मॅनेजर म्हणाला. त्याने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की ड्रायव्हरने सवयीने त्याचे आभार मानले.

जेवताना त्याने घरात जाहीर केलं, "शनिवारपर्यंत रोग सापडला नाही, तर गाडी भंगारात."

त्याच्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, घास हातातच राहिला. सव्वीस वर्षं तो ट्रक त्यांनी चालवला होता. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मुलाने किल्ली काढून घेतली, तरी रोज सकाळी काचा पुसायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

"गाडीला काही झालेलं नाही," अप्पा म्हणाले. "तुला ती ऐकत नाही, एवढंच."

"ताईकडची बॅटरी आणून लावून बघतो," ड्रायव्हर म्हणाला.

"त्या घरातली वस्तू या घरात येणार नाही," त्याच्या बायकोने बजावलं. "आधी माझा निळा रेशमी स्कार्फ परत करा म्हणावं तुमच्या बहिणीला."

स्कार्फ गायब होऊन नऊ वर्षं झाली होती आणि नणंद-भावजयीचं बोलणं बंद होऊनही तेवढीच. हा विषय निघाला की अप्पा मान खाली घालून भराभर जेवत.

मिस्त्रीला बोलावलं. तो अनुभवी माणूस होता. "थंडीतला रोग थंडीतच दिसतो. रात्रभर गाडीला कुणी हात लावायचा नाही," त्याने सांगितलं आणि सोमवारी सहाला हजर झाला. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. डॉक्टर शाळा बुडवणाऱ्या मुलाकडे पाहतात, तसं मिस्त्रीने ड्रायव्हरकडे पाहिलं.

मंगळवारी मिस्त्री आला नाही आणि गाडीही सुरू झाली नाही. सहा शेजाऱ्यांनी उतारावर ढकलली म्हणून कारखाना कसाबसा वेळेवर गाठता आला. बुधवारी मिस्त्री आला. पहिल्या झटक्यात सुरू.

"तुमच्यासमोर नाटक करते हो ती!"

"ड्रायव्हरसाहेब, मला आणखी गाड्या बघायच्यात," मिस्त्री म्हणाला. "खरोखर आजारी असलेल्या."

गुरुवारी पुन्हा सहा शेजारी. त्यातले दोघे आता ड्रायव्हरशी बोलत नव्हते.

शुक्रवारी मिस्त्री शेवटचा म्हणून आला आणि अंगणात थबकला. बॉनेटवर एक मांजर पाय पसरून झोपलं होतं. "एवढ्या थंडीत मांजर गार पत्र्यावर कशाला झोपेल?" म्हणत त्याने बॉनेटला हात लावला. "गाडी गरम आहे. कुणीतरी आधीच चालू करून ठेवलीय!"

अप्पा स्वच्छ काच पुन्हा पुसू लागले. त्यांच्या खिशातून जुनी, जादा किल्ली लोंबत होती.

"अप्पा!"

"परक्या माणसासमोर तिची शोभा नको," अप्पा म्हणाले. "आणि ती ठणठणीत दिसली, तर भंगारात कोण काढेल?"

"मग काल का नाही चालू केलीत?"

"काल मिस्त्री कुठे येणार होते?"

अप्पा पहाटे पाचला गाडी चालू करत, तो आवाज ड्रायव्हरला कसा ऐकू आला नाही, हे कुणी विचारलं नाही. इंजिन चालू असलं की त्याला जास्तच गाढ झोप लागे.

मिस्त्रीने मात्र कामाचं विचारलं. "अप्पा, तुम्ही चालू कशी करता?"

"सोपं आहे. डिझेलचा हातपंप ऐंशी वेळा मारायचा. आणि टाकीला गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यायचा."

"म्हणून पिशवीला वास येतो होय!" सून किंचाळली. "मी ती कमरेला घेते, अप्पा!"

"टाकी शेकल्यावर चालते?" मिस्त्रीचे डोळे चमकले. "मग रोग इंजिनात नाहीच. थंडीत डिझेल घट्ट होतं, चढावर जास्त लागतं. दोन्ही वेळा ते कमी पडतंय. टाकीतच काहीतरी अडकलंय."

त्याने टाकीतली नळी बाहेर ओढली. तिच्या तोंडाला सुतळीने बांधलेलं काळं गाठोडं होतं. अप्पांना एकाएकी आत काहीतरी काम आठवलं, पण वाटेत सून उभी होती.

"गाळणी आहे ती," ते म्हणाले. "नऊ वर्षांत कचऱ्याचा एक कण इंजिनात गेला नाही."

"आता डिझेलही जात नाही," मिस्त्री म्हणाला.

त्याने गाठोडं सोडून डिझेलमध्ये खळबळलं. काळा रंग उतरला, निळा दिसू लागला, मग कडेची पांढरी फुलं.

"दोरीवर वाळत होता," अप्पांनी सांगून टाकलं. "वीण फार बारीक होती गं."

शनिवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पुलाच्या चढावर तिने एका टेम्पोला मागे टाकलं आणि ड्रायव्हर कारखान्यात मॅनेजरच्याही आधी पोचला. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुपारी तो घरी आला तेव्हा बायको पायरीवर फोन कानाला लावून बसली होती. पलीकडून नणंदेचं "हॅलो? हॅलो?" स्पष्ट ऐकू येत होतं. बायकोने घसा खाकरला. पुन्हा खाकरला. आवाज काही फुटेना.

अप्पा आत गेले आणि गरम पाण्याची पिशवी भरून घेऊन आले.