एक टन, एक माणूस

खोलीसाठी योग्य टनाचा एसी निवडणे ही कुटुंबाच्या विवेकाची कसोटी असते. उन्हाने बाबांना घेरी आली आणि "यांना गारव्यात ठेवा, पुन्हा असं झालं तर जड जाईल" असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा आमचं कुटुंब या कसोटीला एकमुखाने सामोरं गेलं.

बाबांची खोली पश्चिमेची, वर गच्ची. मोजमापाच्या दिवशी घरातली सहाही माणसं तिथे एकाच वेळी हजर होती. (यापूर्वीची अशी नोंद आढळत नाही.) मी टेप धरला, बायकोने आकडे लिहिले, धाकट्या भावाने मोबाइलवर तीन सूत्रं शोधली. तिन्हींची उत्तरं वेगळी आली. त्यांतलं स्वस्त ते शास्त्रीय ठरलं.

एसीवाल्याने विचारलं, "खोलीत माणसं किती असतात?"

"एक," आम्ही पाचजण एकदम म्हणालो.

"कधी कोणी गप्पा मारायला आलं तर?" बाबांनी विचारलं.

"इथे कोण येतंय, बाबा!" भाऊ हसून म्हणाला. (विधान वस्तुस्थितीला धरून होतं.) एक टन मंजूर झाला.

एसी लागला त्याच दुपारी माझी मुलगी पुस्तकं घेऊन आली. पाठोपाठ बायको निवडायची भाजी घेऊन, भाऊ लॅपटॉप आणि भावजय आपली कंबरदुखी. आठवड्यात सगळ्यांच्या गाद्या तिथे पडल्या. बाबांचा आनंद गगनात मावेना. सरकून सरकून ते जागा देत आणि जुन्या नोकरीचे किस्से सांगत. (प्रतिकिस्सा सरासरी श्रोते : ०.४)

पण गारवा पुरेना. एसीवाला आला, मोजून म्हणाला, "अहो, एका टनात सहाजण? माणसं तरी कमी करा, नाहीतर दीड टन घ्या."

दीड टनाची सूचना खर्चिक म्हणून फेटाळली. मग गुणवत्तेनुसार छाननी झाली. मुलीची परीक्षा, बायकोची अर्धशिशी, भावाचं ऑफिस, भावजयीची कंबर. मी तर घरातला कर्ता. बाबांकडे सबळ कारण नव्हतं. (घेरी एकदाच आली होती.)

"मी हॉलमध्ये झोपतो, पंखा आहे की," बाबाच म्हणाले. ठराव बिनविरोध झाला.

आता खोली मस्त गार असते. दीड टनाचाच घ्यायला हवा होता, असं तुम्हाला मघापासून वाटतंय ना? मग तुम्ही आमच्यातलेच. या, बसा, सरकून घेऊ. फक्त येताना दार लावून घ्या. गारवा उगाच वाया जातो. बाहेर काय, बाबाच असतात.