तेलाच्या डब्याची नोंद

वाहन तपासणी केंद्राच्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. पत्र सभ्य होतं, विनंतीही छोटीशीच होती. कमी पडत होतो तो बहुधा मीच.

आमच्या मोटारीला टर्बो इंजिन आहे. ते आपल्याच पोटातली तेलकट वाफ पुन्हा श्वासात ओढतं आणि काजळीने गुदमरतं. म्हणून गॅरेजवाल्या एग्लोफने मध्ये एक डबा बसवून दिला. वाफ पुढे जाते, तेल तळाशी राहतं.

"कॉफीची गाळणी समजा, ग्रंथपालसाहेब," एग्लोफ म्हणाला. "फक्त खाली साठेल ते पिऊ नका."

तपासणीच्या दिवशी निरीक्षक ब्रेम यांनी बॉनेट उघडलं आणि टोपी काढली, जणू आत कोणी वारलं होतं.

"हे काय?"

"तेल अडवायचा डबा. इंजिन स्वच्छ राहतं."

"गाडी कारखान्यातून आली तेव्हा होता?"

"नाही."

"मग ही स्वच्छता विनापरवाना आहे. नोंद लागेल."

"काढूनच टाकतो."

"बसवल्याची नोंद नसताना काढल्याची कशी करणार?"

नोंदीसाठी भरलेला डबा गळत नाही हे दाखवायचं होतं. डबा भरायला गाडी चालवायला हवी, आणि नोंदीशिवाय गाडी चालवायची नाही.

"बाहेरून तेल ओतलं तर?"

"ओतलेलं तेल म्हणजे अडवलेलं तेल नव्हे," ब्रेम म्हणाले. हे कुठल्या नियमात नव्हतं, त्यांना आतूनच सुचलं.

शेवटी मी गाडी दारातच उभी करून इंजिन चालू ठेवलं. शेजारच्या केशेलेबाई झाडू घेऊन बाहेर आल्या.

"उभ्या गाडीचं इंजिन चालू? आणि तेही जिना झाडायची माझी पाळी असलेल्या आठवड्यात?"

तक्रार झाली. गाडीला सील लागलं.

माझ्या बायकोच्या, हेडविगच्या, गुडघ्यांना फक्त टेकडीवरच्या गरम पाण्याच्या तलावात आराम पडतो. दर गुरुवारी मी तिला गाडीने नेत असे. तिथे बस जात नाही. त्या गुरुवारी ती चालत निघाली आणि बेकरीसमोरच्या बाकावर बसली ती उठेचना.

"तुझ्या इंजिनाची वाफेची सोय झाली," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांचं काय?"

त्यानंतर ते पत्र आलं. असे डबे कोण बसवून देतं हे कळवल्यास आपल्या प्रकरणाचा सहानुभूतीने विचार होईल.

एग्लोफ हिवाळ्यात न सांगता आमच्या दारातलं बर्फ उपसतो. मी पेन उघडलं, बंद केलं, आणि ब्रेमना फोन केला.

"नाव नाही दिलं तर?"

"नियमाप्रमाणे होईल."

"आणि दिलं तर?"

"तेही नियमाप्रमाणेच. फक्त लवकर."

शेजारच्या खोलीत हेडविग खुर्चीतून उठताना कण्हली. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि गॅरेजला मागूनही दार आहे हेही लिहिलं. अर्धवट माहिती देणं मला जमत नाही.

ज्या वाचकांना हे पटत नसेल त्यांनी गुरुवारी सकाळी हेडविगला तलावापर्यंत उचलून न्यायला यावं. चढ बऱ्यापैकी आहे, ती अंगाने भरलेली आहे, आणि पाठ तुमची वापरावी लागेल. गुरुवारी मी खिडकीपाशी बराच वेळ वाट पाहिली. तुमच्यापैकी कोणीच आलं नाही. मग खाली उतरलो आणि पत्र पेटीत टाकलं.