निळ्यातला ठिपका

सूनबाईनं आणलेलं चित्र दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि सासरेबुवा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. कुणा मोठ्या चित्रकाराच्या चित्राची ती कॅनव्हासवर छापलेली प्रत. भोवती पांढरी लाकडी फ्रेम, वर काच नाही. चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसता निळा रंग, दाराच्या निम्म्या उंचीचा. आणि उजवीकडे जरा वर, मसुराएवढा एक नारिंगी ठिपका.

सासरेबुवांनी चाळीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलं होतं. वकिलांचे कोट, नाटकवाल्यांचे झगे, बड्या घरचे पडदे, काहीही समोर येवो, त्यांना आधी डाग दिसायचा आणि मग वस्तू. दुकान बंद करून मुलाकडे राहायला येऊन त्यांना दोन महिने झाले होते. या दोन महिन्यांत त्यांनी इकडची काडी तिकडे केली नव्हती, कारण कुणी करूच देत नव्हतं. कप विसळायला उठले की सूनबाई तो अदबीनं काढून घ्यायची. पाहुण्यालासुद्धा कुणी इतकं जपत नाही, आणि तेच त्यांना आत कुठंतरी सलत होतं. आपण या घरातले की या घरी आलेले, हे काही केल्या त्यांना कळत नव्हतं.

अशात हा ठिपका दिसला. मुलगा आणि सून कामावर गेलेले. सासरेबुवांनी ट्रंकेतून स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा केला, आधी एका कोपऱ्यात लावून रंग जात नाही याची खात्री केली, आणि कडेकडून मध्याकडे, न घासता, नुसतं टिपत टिपत दहा मिनिटांत डाग उचलला. खालचा निळा जसाच्या तसा. बोळ्याकडे बघून ते असे खुलले, की आरशात पाहिलं असतं तर स्वतःलाच ओळखलं नसतं.

आता बघायला डागच उरला नाही, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी चित्र पाहिलं. तो निळा एक नव्हताच हो. खाली काळोखाला टेकलेला, मध्ये खोल पाण्यासारखा, वर जाता जाता इतका विरळ, की तिथं रंग संपतो आणि नुसती शांतता उरते. आपण खुर्चीत बसलोय हे ते विसरले. नकळत हात जोडले गेले.

अकराला शेजारचे ड्रॉइंग मास्तर चहाला आले. आदल्या संध्याकाळी चित्र जिन्यातून वर आणताना त्यांनीच दार धरलं होतं. ते आत आले, चष्मा सारखा केला आणि थांबले.

"ठिपका कुठंय?"

"काढला."

मास्तर मटकन खाली बसले. बत्तीस वर्षं पोरांकडून फुलदाण्यांची चित्रं काढून घेण्यात गेलेल्या या गृहस्थाला अशा चित्राबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे ते जे सुरू झाले ते थांबेनात. नजर त्या निळ्यात भटकत जाते, तिला तो ठिपका सापडतो, आणि मग कळतं की हा निळा केवढा अफाट आहे, वगैरे. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही आभाळ ठेवलंत आणि त्यातला जीव पुसलात."

एरवी सासरेबुवांनी हसून सोडून दिलं असतं. पण तो अफाटपणा त्यांनी नुकताच अनुभवला होता. सुनेनं सहा महिने दुकानं पालथी घालून निवडलेलं चित्र, आणि आपण पहिलंच काम केलं ते हे!

मास्तरांनी घरून नारिंगी रंगाची ट्यूब आणली. त्यांचा हात कापायचा, म्हणून ब्रश सासरेबुवांनी धरला. पहिला ठिपका बोटभर खाली पडला. तो पुसला, तर पुसताना रंग फिकट पसरला. तो झाकायला दुसरा काढला, तो कोटाच्या बटणाएवढा झाला. मास्तरांना तो अंड्यासारखा वाटला. पुन्हा पुसला. तिसरा लिंबाएवढा. त्याला एका बाजूनं ओघळ आला. चार वाजता ठिपका चांगला संत्र्याएवढा झाला, पण गोल गरगरीत झाला, आणि मास्तर म्हणाले, आता ब्रश खाली ठेवा.

दोघं मागे सरले. आणि काय सांगावं! निळा जागा झाला होता. अख्ख्या काळोखात कुणीतरी दिवा घेऊन उभं राहावं, तसा तो नारिंगी गोळा जळत होता. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

तेवढ्यात सूनबाई आली. पर्स खांद्यालाच ठेवून तिनं चित्राकडे पाहिलं.

"बाबा, हा डाग वाढला कसा?"

"डाग?"

"दुकानाचं दार रंगवत होते, त्याचा शिंतोडा उडालाय. दुकानदार दुसरं देत होता, मीच नको म्हटलं."

मास्तरांना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं आणि ते लगबगीनं निघाले.

"नको का म्हटलंस?" सासरेबुवांनी कसंबसं विचारलं.

"घरात तुमच्यासारखा माणूस असताना दुसरं कशाला घ्यायचं? फक्त तुम्हाला काम सांगायचं धाडस होत नव्हतं. काल रात्रीपासून घोकतेय." तिनं संकोचत विचारलं, "काढाल?"

अर्ध्या तासाचं काम. बाटली तिथंच होती, कापूस होता. सासरेबुवांनी बोळा उचलला आणि चित्राकडे पाहिलं. मग बोळा खाली ठेवला, आणि चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाईकाला न सांगितलेली गोष्ट सुनेला सांगितली.

"हा नाही निघायचा, पोरी."

सुनेनं त्यांच्या बोटांकडे पाहिलं. नखांत नारिंगी भरलं होतं. ती काही बोलणार होती, पण तिची नजर पुन्हा चित्राकडे गेली आणि तिथंच राहिली. हळूच तिनं पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.

मुलगा घरी आला तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. जेवायचं काय, असं त्यानं दारातूनच विचारलं.

"आधी बूट काढ," सूनबाई वळून न बघता कुजबुजली, "आणि ये."