लोपीस यांच्या कुपीचा पंचनामा

नंदाखाल गावातल्या आमच्या वळणावर सार्वजनिक दिवा लागावा म्हणून मी वीज कचेरीला अकरा पत्रे लिहिली. बारावे लिहायला बसलो असता दिवा लागला, आणि तिसऱ्याच दिवशी शेजारच्या इनास लोपीस यांनी शिडी लावून त्यावर केळीचे सुके पान बांधले. पान नीट, दोन्ही टोकांना सुतळी घालून बांधले होते. त्या दिव्याचा उजेड आता फक्त माझ्या फाटकावर पडत असे. लोपीस यांच्या खिडकीवर त्याचा एक किरणही जात नसे.

मी तीस वर्षे न्यायालयात नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. सार्वजनिक दिव्यावर पान बांधणे हा कोणत्या कलमाखाली अपराध होतो हे मला शोधावे लागले नाही. मी लोपीस यांना पोचपावतीसह नोंदणीकृत नोटीस धाडली. आमच्या सौ. म्हणाल्या, "कुंपणापलीकडच्या माणसाला कसलं टपाल धाडता? हाक मारा की." हाकेची पोचपावती मिळत नाही, हे मी त्यांना लग्न झाल्यापासून सांगत आलो आहे.

नोटीस मिळताच लोपीस कुंपणाशी आले. पन्नाशीचे, सडपातळ, डोळ्यांवर कायम हात आडवा धरलेला. "शिरस्तेदारसाहेब, तुमचा दिवा सरळ माझ्या कपाटावर येतो," ते म्हणाले. "उजेड खातो."

"काय खातो?"

"सगळं. हळूहळू खातो म्हणून कळत नाही."

"उजेड खातो" हे लोपीस यांचे पालुपद होते. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदात गुंडाळलेली असे. स्वतः ते सिगारेट ओढत नसत. आगाशीच्या पानवाल्याकडून रिकामी पाकिटे जमवून आणत. औषधाच्या बाटल्या, हळदीचा डबा, रोझरीची माळ, सगळ्यांना चांदीचे अंगरखे. अंडी उकडायची तर ती घड्याळावर नव्हे, तर "नमो मारिया"वर. बारा प्रार्थनांचे अंडे मऊ, वीस प्रार्थनांचे टणक. घरी मुलीशी ते आपल्या कादोडी बोलीत भराभर बोलत, पण माझ्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातली मराठी जपून वापरत, जणू मी तीत चुका काढणार आहे. मी काढीत असे.

त्यांच्या दिवंगत पत्नीचा, रेजिनाबाईंचा, फोटो काळ्या कापडात बांधून कपाटात असे. रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आले की ते कापड सोडत, एक "आमच्या स्वर्गातील बापा" होईपर्यंत फोटो पाहत आणि पुन्हा बांधून ठेवत. माझा दिवा ज्या कपाटावर पडत होता, ते हे कपाट. नोटीस देण्यापूर्वी मी ते विचारायला हवे होते, असे मला आज वाटते. तेव्हा मी दुसरी नोटीस दिली.

लोपीस मुंबईत कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत तंत्रज्ञ होते. अर्धी नोकरी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशी गेलेली. तिथे नेमके काय चालते, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी माझ्या समजुतीसाठी उदाहरण माझ्याच कचेरीतून घेतले.

"पेशीच्या मध्यभागी एक कचेरी असते, शिरस्तेदारसाहेब. तिथे कोणती फाईल उघडायची आणि कोणती बंद ठेवायची, हे ठरवणारा एक कारकून असतो. प्रथिनाचा. कॅन्सरमध्ये हा कारकून बिघडतो आणि 'वाढा' ही एकच फाईल कायम उघडी ठेवतो."

"साहेबाच्या तोंडी हुकुमावरून ठेवत असेल. कारकून आपल्या मनाने काही करत नाही," मी म्हणालो.

"असेल. पण त्याला ओळखायचा कसा? कचेरीत हजारो कारकून, सगळे सारखे दिसतात. म्हणून परदेशातून एक बेलिफ मागवतात. अँटिबॉडी म्हणतात त्याला. हा त्या एकाच कारकुनावर समन्स बजावतो, दुसऱ्याकडे वळूनही पाहत नाही. आणि त्याच्या पाठीला एक कंदील बांधलेला असतो, रंगाचा. निळा उजेड टाकला की कंदील हिरवा पेटतो. म्हणजे कळतं, कारकून इथं बसलाय."

बेलिफाने समन्स बरोबर माणसावर बजावले, हे माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच घडले होते. मी मनातल्या मनात त्या अँटिबॉडीला मान दिला.

"मग कंदिलाला उजेडाचं भय कशाला?"

"उजेडानंच पेटतो आणि उजेडच त्याला खातो. म्हणून अंधारात, थंडीत ठेवायचा आणि लागेल तेवढाच बाहेर काढायचा. एकदा कंदील विझला की बेलिफ जागेवर पोचतो, पण कुणाला दिसत नाही."

एका शनिवारी दुपारी लोपीस बर्फाचा थर्मास छातीशी धरून माझ्या ओटीवर आले. परदेशाहून आलेली कुपी विमानतळावर कितीतरी दिवस अडकली होती. ती त्या दिवशी हाती पडली. सोमवारीही सुटी असल्याने संस्था मंगळवारीच उघडणार होती, आणि लोपीस यांचा फ्रीज नेमका सकाळी बंद पडला होता. माझ्या फ्रीजला कुलूप होते आणि किल्ली माझ्या जानव्याला असे.

"दोन दिवस ठेवाल?" त्यांनी विचारले. "बर्फाच्या खणात नको, खालच्या फळीवर. चांदीचा कागद काढायचा नाही."

"माल संस्थेचा?"

"संस्थेचा. फक्त शेवटचे चार थेंब माझे. आमच्या डॉक्टरबाईंनी कबूल केलंय."

"संस्थेच्या मालातले थेंब तुमचे कसे?"

लोपीस यांनी थर्मासचे झाकण घट्ट केले. मग म्हणाले, "रेजिनाची एक काच राहिलीय. ऑपरेशननंतर तिच्या गाठीचे पातळ काप करून मीच काचांवर बसवले होते. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बाकीच्या काचा तपासण्यांत गेल्या. एकच उरलीय. तिच्यात तो कारकून कुठं बसला होता, ते एकदा बघायचंय. इतकी वर्षं दुसऱ्यांचे बघतोय."

हे सर्व मी ऐकले होते, याची नोंद येथे करणे मला भाग आहे. ऐकले नव्हते असे म्हणण्याची मुभा मला नाही.

रविवारी सकाळी लोपीस मिस्सेला गेले आणि मी अस्वस्थ झालो. माझ्या ताब्यात परदेशी माल होता. त्याचे वर्णन नाही, मोजमाप नाही, पावती नाही. उद्या काही कमीजास्त झाले तर मी काय ठेवून घेतले होते हे कोणत्या कागदावरून सिद्ध होणार? मी पंचनामा करण्याचे ठरविले. सौ. म्हणाल्या, "ते कागद काढू नका म्हणाले होते ना?" मी म्हणालो, "वस्तू न पाहता केलेला पंचनामा टिकत नाही."

पंच दोन मिळाले. एक माझे मेहुणे वामनराव. दुसरे जूचंद्रचे हरी पाटील, मिठागरावरचे मुकादम. ते माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला आले होते. ओटीवरच्या टेबलावर ऊन छान येते, तेथे पांढरा कागद अंथरला आणि चांदीचा कागद सोडून कुपी त्यावर उभी केली. करंगळीएवढी काच, तळाला थोडासा द्रव.

"यात काय हाय?" हरी पाटलांनी वाकून पाहिले. "पानीच तं हाय, साहेब. पिवलं पानी."

"पंचनाम्यात पाणी असं लिहिता येत नाही, पाटील. द्रव लिहावं लागतं."

"लिवा तुमाला काय लिवाचं ता. पन पानीच हाय."

रंग पिवळा की पोपटी, यावर वामनराव आणि पाटील यांच्यात मतभेद झाला. वामनरावांनी कुपी उचलून सूर्यासमोर धरली. पाटलांनी ती त्यांच्या हातून घेऊन दुसऱ्या बाजूने धरली. अखेर "पिवळसर, किंचित पोपटी झाक असलेला" असे एकमताने ठरले. मी पट्टीने उंची मोजली, लेबलावरची इंग्रजी अक्षरे एकेक करून उतरवली, कार्बन घालून दोन प्रती केल्या, मोठ्याने वाचून दाखवल्या आणि पंचांच्या सह्या घेतल्या. मग कुपी पूर्ववत गुंडाळून गाठीवर लाखेची मोहर केली. एवढ्यात चर्चची मिस्सा संपून माणसे परतू लागली होती. काम चोख झाले, असे समाधान मला वाटले.

मंगळवारी पहाटे लोपीस आले. मोहर पाहून ते थबकले. मी पंचनाम्याची दुसरी प्रत त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती सावकाश वाचली.

"कुठं बसून लिहिलंत?"

"ओटीवर. तिथे उजेड चांगला असतो."

त्यांनी माझ्या सहीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुमचं," आणि प्रतीची घडी खिशात घालून थर्मास घेऊन स्टेशनकडे गेले.

पुढे दीड-दोन महिन्यांनी लोपीस यांना संस्थेकडून ज्ञापन आल्याचे कानावर आले. कुपीतला कंदील विझलेला निघाला होता. एकाही काचेवर हिरवे काही पेटले नाही, कित्येक महिन्यांचे काम अडले, आणि कुपी हाताळण्यात निष्काळजीपणा का केला याचा खुलासा लोपीस यांच्याकडून मागवला होता. मी संतापलो. अशा साध्या, पापभीरू माणसावर ज्ञापन? मी कुंपणाशी जाऊन त्यांना हाक मारली, चक्क हाक.

"खुलासा मी लिहितो, लोपीस. विमानतळावर कुणीतरी कुपी उघड्यावर ठेवली असणार. तुम्ही फक्त नाव सांगा. तिच्यावर उजेड कुणी पडू दिला? मी त्याला सोडणार नाही."

लोपीस यांनी कपाळावरचा हात काढला. "उजेडानं खाल्लं, साहेब," ते म्हणाले. "राहू द्या. लिहिलंय मी. चूक माझी."

"चूक तुमची नसताना?"

"ठेवायला जागा मीच निवडली होती."

तरीही मी तो खुलासा लिहायला बसलो. पाच पाने झाली. मुद्दा असा की माझ्या ताब्यात असताना कुपी कुलूपबंद होती, आणि त्याला पुरावा म्हणून पंचनाम्याची मूळ प्रत जोडायची होती. मी फाईल काढली. जोडण्यापूर्वी प्रत्येक कागद वाचावा, ही सवय मला नोकरीने लावलेली.

कलम एक, मोजमाप. कलम दोन, रंग. कलम तीन, कुपीवरील आकडे. कलम चार: "लेबलाच्या तळाशी इंग्रजीत असे छापलेले आहे की, सदर वस्तू उजेडापासून जपावी." खाली स्थळ होते, ओटी, पूर्वाभिमुख. आरंभाची वेळ सकाळी नऊ, समाप्तीची साडेदहा. त्याखाली माझी सही.

त्याच दिवशी मी संस्थेच्या डॉक्टरबाईंना पत्र लिहिले. अकरा ओळींचे, स्पष्ट, कोणत्याही कलमाचा आधार न घेता. पाकिटावर तिकीट लावले. आयुष्यात मी हजारो पत्रे लिहिली असतील. लिहिलेले पत्र टपालात न टाकण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता. उद्या टाकू, असे मी आठ दिवस म्हणालो. नवव्या दिवशी लोपीस यांनीच सांगितले की त्यांना सूक्ष्मदर्शकावरून काढून भांडारात बसवले आहे. "तिथं खिडक्या मोठ्या आहेत," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. ते पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

नवी कुपी आली तेव्हा ती उघडायला दुसरा माणूस होता, आणि चार थेंबांचा शब्द कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. मधल्या काळात दिव्यावरचे केळीचे पान वाऱ्याने फाटले. शिडी लावून दुसरे पान मीच बांधले. सौ. खालून शिडी धरून उभ्या होत्या. त्यांनी कोणते कलम लागते असे विचारले नाही.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच लोपीस वारले. दफनानंतर त्यांची मुलगी दोन पुडकी घेऊन आमच्याकडे आली. दोन्ही चांदीच्या कागदात. "पपांनी सांगितलं होतं, हे शिरस्तेदारकाकांच्या फ्रीजमध्ये ठेवायचं. कुलूप आहे म्हणून," ती म्हणाली.

पहिल्या पुडक्यात पंचनाम्याची ती कार्बन प्रत होती. तिची शाई मुळीच उडाली नव्हती. ज्या दिवशी ज्ञापन आले त्या दिवशीही हा कागद त्यांच्याकडे होता. तारीख, वेळ, स्थळ, दोन पंच आणि माझी सही. संस्थेच्या टेबलावर तो एक कागद ठेवला असता तर ते त्याच दिवशी निर्दोष ठरले असते.

दुसरे पुडके लहान आणि चपटे आहे. बोटांना आत काचेची कड लागते. ते बर्फाच्या खणात आहे. वीज गेली की मी अर्नाळ्याच्या बर्फवाल्याकडे माणूस धाडतो, आणि महिन्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या संस्थेला चार थेंबांची विनंती करणारे पत्र लिहितो. ती पत्रे मात्र टाकतो. उत्तर आलेले नाही.

त्या पुडक्याचे वर्णन, मोजमाप व रंग यांची कोणतीही नोंद माझ्याकडे नाही. मी ते उघडलेले नाही.