निपाणीस माझे प्रस्थान

लांबच्या घोडदौडीत घोडा आणि दौड या गोष्टी गौण असून तयारी हीच मुख्य होय, हे माझे मत नऊ वर्षांच्या अनुभवाने पक्के झाले आहे. सदर नऊ वर्षे मी बेळगाव ते निपाणी, अंतर सुमारे पन्नास मैल, एका दिवसात घोड्यावरून जाण्याची तयारी करीत होतो.

उद्देश असा. माझी बहीण अक्काताई लग्न होऊन निपाणीला गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मी आठ. गाडीत बसताना ती रडायला लागली, तेव्हा मी तिला सांगितलं, रडू नको, मी घोड्यावर बसून तुला भेटायला येतो. पुढे मी दिवाणी कोर्टात कारकून झालो आणि शब्द पाळण्याची सवय जडली (निदान कागदावर). चौतिसाव्या वर्षी मला तो शब्द आठवला. त्याआधी मी वर्षाकाठी एकदा तरी निपाणीला जात असे. त्यानंतर गेलो नाही. मोटारीनं गेलो असतो तर शब्द मोडला असता. भाऊबीजेची ओवाळणी टपालाने रवाना होई. "मोटार सकाळी आठला सुटते," एवढंच माझी बायको जयाबाई दर दिवाळीला म्हणायची.

तयारीत कसर ठेवली नाही. कॅम्पातल्या एका साहेबाच्या लिलावात स्वारीची विजार घेतली. तीत मी दोनदा मावतो. परसातल्या भिंतीवर तांदळाचं पोतं टाकून रोज दोन तास बैठकीचा सराव केला. ताशी आठ मैल धरले तर पहिल्याच वर्षी कागदोपत्री काबूल मागे पडलं (निपाणी तेवढी राहिली). तांदळाची कणी झाली, ती आम्ही सहा महिने खाल्ली. प्रत्यक्ष घोडीवर मी तीनदा चढलो आणि दोनदा उतरलो. तिसऱ्या खेपेस ते काम घोडीनेच पार पाडलं.

घोडी नागोजीची. हा उचगावचा शेतकरी रोज तिच्यावर दुधाच्या घागरी लादून कॅम्पात रतीब घालायला येतो. त्याची बसण्याची ढब इतकी अशास्त्रीय, की मला दोनदा त्याला समज द्यावी लागली.

गेल्या हिवाळ्यात अक्काताईचं पत्र आलं, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. डोळ्यांना कमी दिसायला लागलंय, येणार असशील तर दिसतंय तोवर ये. मी ताबडतोब हालचाल केली, म्हणजे जोशांकडे मुहूर्त काढायला गेलो.

मुहूर्ताच्या दिवशी मला सर्दी झाली. पण शास्त्रात सोय आहे. निघणं न जमल्यास आपल्या कपड्यांचं गाठोडं बांधून त्या दिशेच्या एखाद्या घरी ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात, आणि माणूस निघाला असं धरलं जातं. मी विजार, चाबूक आणि सुपारी बांधून उत्तरेच्या तिसऱ्या घरी, मालुबाईंकडे ठेवली. येणेप्रमाणे मी निघालो. मंजूर रजा घरीच काढली. कुणी चौकशीला आलं तर जयाबाई दारातून सांगे, गावाला गेलेत (आणि शास्त्राप्रमाणे ते खरंच होतं).

जोशांच्या मते प्रस्थान तीन दिवस टिकतं. मग ते पुढे हलवावं लागतं. नेमका चौथ्या दिवशी नागोजी त्याच घोडीवरून निपाणीला निघाला. त्याची लेक तिथे बाळंत झाली होती. मी गाठोडं त्याच्याकडे दिलं आणि अक्काताईचं घर समजावून सांगितलं. पहाटे निघाला, दिवेलागणीला पोचला, मधला दिवस राहून तिसऱ्या दिवशी परत आणि चौथ्या दिवशी दूध घेऊन हजर. तयारी म्हणाल तर खांद्यावर घोंगडं.

मी वही उघडली. बैठक कशी ठेवलीस, लगाम किती सैल, विसावे कुठे, सगळं विचारलं.

"काय न्हाय आप्पा, बसलो आनि गेलतो."

मग न विचारलेलं सांगितलं. अक्काताई दारातच होती. तिनं गाठोडं चाचपलं, चाबूक हाताला लागला, तशी तिनं विचारलं, भाऊ आला का? नागोजीच्या तोंडून 'न्हाय' निघेना. तिनं गाठोडं पाटावर ठेवलं, ओवाळलं, चाचपडत पान वाढलं आणि त्या पानासमोर बसून राहिली. नागोजी निघताना तिनं निरोप दिला.

"म्हनाल्या, त्याला सांग, तू आलास, जेवलास. आता मला काय दिसत न्हाय, तवा घाई करू नको."

वही माझ्या मांडीवर उघडीच राहिली. लाज वाटली, साफ सांगतो. घोडा, शब्द, सगळं गेलं खड्ड्यात, उद्या आठच्या मोटारीनं जायचं असं मी तिथंच ठरवलं, आणि दिवस बरा आहे ना एवढंच विचारायला जोशांकडे गेलो. दिवस बरा नव्हता. ते म्हणाले, प्रस्थान ठेवलं तर चालेल.

नवं गाठोडं सध्या मालुबाईंकडे आहे. आपण मला हसत असाल. तो आपला हक्क आहे. मात्र "येत्या रविवारी नक्की येतो" असं आपण शेवटचं कुणाला कळवलंत आणि त्यानंतर किती रविवार गेले, तेवढं मोजून पाहा. तिथे पान वाढलेलं असेल.